वाहन आहे, पण वाट कोणी पाहायची?

आफ्रिकेच्या एखाद्या दुर्गम खेड्यात मध्यरात्री प्रसववेदना सुरू होतात आणि रक्तस्राव थांबत नाही. आरोग्यकेंद्र कित्येक किलोमीटर दूर, रस्ता मातीचा आणि गावात मोटार नाही. अशा वेळी त्या मातेचे प्राण डॉक्टरांच्या कौशल्यापेक्षा मधल्या अंतरावरच अवलंबून असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २,६०,००० स्त्रिया गर्भारपण व बाळंतपणातील कारणांमुळे मरण पावल्या. त्यांपैकी सुमारे ७० टक्के सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील होत्या. यांपैकी बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. मग या माता का दगावतात? थॅडिअस व मेन या अभ्यासकांनी १९९४ साली तीन विलंबांकडे बोट दाखविले : जाण्याचा निर्णय घेण्यात विलंब, पोहोचण्यात विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात विलंब.

मधल्या विलंबावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे रुग्णवाहिका भेट देणे. तिची फीत कापता येते, छायाचित्र काढता येते. परंतु पुढे इंधन, टायर, दुरुस्ती आणि चालकाचे वेतन यांचा भार कोणी उचलायचा? हे आधी ठरले नाही, तर चांगली गाडीही आवारात उभी राहते. म्हणूनच हा प्रश्न वाहनापेक्षा व्यवस्थेचा अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

मलावी देशातील मंगोची जिल्ह्याचा अनुभव बोलका आहे. तेथील तीन ग्रामीण आरोग्यकेंद्रांत २००१-०२ साली मोटारसायकल-रुग्णवाहिका ठेवण्यात आल्या. अडलेल्या मातांना रुग्णालयात पाठविण्यातील विलंब दोन ते साडेचार तासांनी घटला. मोटार-रुग्णवाहिकेच्या तुलनेत त्यांची किंमत एकोणीस पटींनी कमी होती.

झांबियाच्या सेरेंजे जिल्ह्यात २०१७-१८ साली याहून साधे साधन वापरले गेले : सायकलला जोडलेली रुग्णगाडी. तीव्र मलेरिया झालेल्या बालकास गावातील प्रशिक्षित स्वयंसेवक प्रथम गुदमार्गे औषध देत आणि मग त्याला आरोग्यकेंद्रात पोहोचवीत. तीव्र मलेरियाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तेथे ८ टक्क्यांवरून ०.२५ टक्क्यांवर आले. हे यश एकट्या सायकलचे नव्हे. औषध, प्रशिक्षण आणि वाहन यांची साखळी जुळली, म्हणून ते लाभले.

टांझानियाने ही साखळी देशभर नेण्याचे धाडस केले आहे. तेथे ११५ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी आला की, रुग्णवाहिका जवळ नसल्यास नोंदणीकृत स्थानिक वाहनचालकास बोलाविले जाते. त्याचे भाडे मोबाइलद्वारे चुकते होते. गरीब कुटुंबाला मध्यरात्री पैशांसाठी दारोदार फिरावे लागत नाही. 'एम-मामा' नावाची ही योजना २०२२ पासून राष्ट्रीय पातळीवर विस्तारू लागली.

अर्थात, मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. सायकल वाळूत रुतते, चढावर दमविते. शिवाय माता वेळेत पोहोचली, परंतु तेथे रक्त नाही, शस्त्रक्रिया करणारे हात नाहीत, तर तिसरा विलंब तिचा घात करतोच. २०२५ साली 'यूएसएड' या अमेरिकी मदतसंस्थेचे काम बंद झाले. परक्या पैशावर उभी असलेली सेवा किती ठिसूळ असते, हे त्यामुळे पुन्हा स्पष्ट झाले. स्थानिक शासनाच्या अंदाजपत्रकात स्थान मिळालेली योजनाच टिकण्याची शक्यता अधिक.

दूरच्या बांधवांसाठी आपणही वेळोवेळी दान देतो. ते देताना एक साधा प्रश्न विचारावा : या वाहनात तिसऱ्या वर्षी इंधन कोण भरणार? या प्रश्नाचे उत्तर ज्या गावाजवळ आहे, तेथे मध्यरात्री अडलेल्या मातेला कोणाची वाट पाहायची, हे ठाऊक असेल.