सेवायात्रेचा हिशेब

ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस ख्रिस्ती समाजात उपवासाचे व आत्मपरीक्षणाचे मानले जातात. आपल्या होळी-पाडव्याच्या सुमारासच ते येतात, आणि बहुधा त्याच सुमारास अमेरिकेतील महाविद्यालयांना आठवडाभराची वसंत-सुट्टी असते. पुष्कळ विद्यार्थी ती समुद्रकिनारी मौजेत घालवितात. काही मात्र चर्चच्या किंवा महाविद्यालयाच्या वतीने मेक्सिको, हैती, होंडुरास येथील गरीब वस्त्यांत जातात. भिंती रंगवितात, घरे बांधतात, मुलांना खेळवितात. ऐन विशीतल्या मुलांनी सुट्टी अशी वेचावी, याचे आम्हांस कौतुकच वाटते. तथापि या सेवेचा जमाखर्चही मांडला गेला आहे, आणि तो धर्माच्या विरोधकांनी नव्हे, तर त्याच धर्माच्या श्रद्धावंतांनी मांडला आहे.

जो अ‍ॅन व्हॅन एंजेन या बाई होंडुरासमध्ये राहून अमेरिकेतील एका ख्रिस्ती महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना शिकवीत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी एका तुकडीची हकिगत दिली आहे. अठरा विद्यार्थ्यांनी २५,००० डॉलर जमविले, विमानाने होंडुरासला येऊन एक अनाथाश्रम रंगविला, अंगण झाडले, मुलांशी खेळले आणि कृतार्थ होऊन परतले. त्या आश्रमाचा वर्षाचा सारा खर्च, म्हणजे नोकरांचे पगार, इमारतीची डागडुजी, मुलांचे अन्नवस्त्र मिळून, होता ४५,००० डॉलर. एका तुकडीच्या प्रवासखर्चात आश्रमाचे साडेसहा महिने निघाले असते!

दुसरा हिशेब समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांचा. ऑक्टोबर १९९८ मधील ‘मिच’ वादळाने होंडुरासमध्ये हजारो माणसे दगावली, घरे वाहून गेली. पुढे परदेशी तुकड्यांनी बांधलेल्या घराचा खर्च, प्रवास धरून, सुमारे ३०,००० डॉलर पडला. तेथल्याच ख्रिस्ती संस्थांनी तसे घर सुमारे २,००० डॉलरांत उभे केले. घर मिळालेल्या कुटुंबांच्या जीवनात मात्र, घर कोणी बांधले यावरून म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. या सेवायात्रेनंतर आपली देणगी वाढली, असे बऱ्याच तरुणांनी सांगितले. संस्थेच्या वह्या तितके सांगत नव्हत्या.

यावर एक उत्तर दिले जाते, आणि ते आम्ही झटकून टाकणार नाही. मुले स्वतः जाणार म्हणून आप्तेष्ट पैसे देतात. कोणी गेलेच नसते, तर ती रक्कम जमलीच नसती. हे खरे. पण मग ती रक्कम कोणाच्या कल्याणासाठी दिली गेली, हेही स्पष्ट होते. आपल्याकडे दान देताना देश, काल आणि पात्र पाहावे असे सांगतात. येथे पात्राचीच अदलाबदल झाली आहे. घेणारा म्हणून पुढे केलेले मूल निमित्तमात्र, आणि खरा लाभ देणाऱ्याच्या पदरी. (सणाच्या दिवशी चार-चार घरांची मिठाई एकाच आश्रमात येते आणि आषाढात तिकडे कोणी फिरकत नाही, हे आपणही पाहतोच.) आठवडाभर जिव्हाळा लावून जाणाऱ्या पाहुण्यांमागून ते मूल पुढल्या तुकडीची वाट पाहते, ते कोणत्या जमाखर्चात धरावयाचे?

या प्रश्नाला जुनी परंपरा आहे. मेक्सिकोत राहणारे कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये, उन्हाळ्यात मेक्सिकोतील खेड्यांत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सभेत, त्यांना तोंडावर सुनावले होते की, पाहावयास या, शिकावयास या, डोंगर चढावयास या. मदत करावयास मात्र येऊ नका. त्या मुलांना जेथे जायचे तेथली भाषाही धड येत नव्हती, हा त्यांचा एक रोख होता. इतका कठोर निवाडा आम्हांस पटत नाही, कारण डोळ्यांनी पाहिलेले दारिद्र्य एखाद्याला जन्मभर स्वस्थ बसू देत नाही. व्हॅन एंजेन बाईंनीही जाण्यास मनाई केली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, तरुणांनी शिकणारे म्हणून जावे, तेथील माणसे काय करीत आहेत ते ऐकावे, आणि पैसा त्यांच्या हाती द्यावा. भिंत तेथला रंगारी रंगवील, त्याला त्या आठवड्याची मजुरी मिळेल.