टोकनची जागा पत्त्यात नाही
गिटहबने 2020-21 मध्ये आपल्या एपीआयचे काही जुने पत्ते मोडीत काढले, आणि ते योग्यच केले. जुन्या पद्धतीत ओळख पटवणारे टोकन थेट वेबपत्त्यातच लिहिता येई. पत्ता तर सर्व्हरच्या लॉगमध्ये सहसा जसाच्या तसा उतरतो. म्हणजे दारावरच्या पाटीलाच किल्ली अडकवून ठेवल्यासारखे. नव्या रीतीत टोकन हेडरमध्ये किंवा विनंतीच्या मजकुरात जाते. 13 नोव्हेंबर 2020 ला एपीआयसाठी पासवर्डही बंद झाला. मला विशेष पटली ती त्यांची तयारी: अंतिम तारखेआधी, सांगून-सवरून, जुना मार्ग थोडा वेळ बंद ठेवायचा, म्हणजे कुठे काय अडते ते वेळीच कळते. खरी अडचण असते ती कोपऱ्यात. मुख्य ॲप सगळ्यांच्या लक्षात राहते, पण कुणीतरी कधीकाळी लिहिलेली, रात्री चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट कुणालाच आठवत नाही, आणि नेमकी तीच गुपचूप बंद पडते. तेव्हा कोडभर विखुरलेले पत्ते आजच एका कॉन्फिग फाइलमध्ये आणा, आणि बदलांच्या सूचनांचे ईमेल कोणी वाचायचे हेही नाव घेऊन ठरवा.