योजना नको, कायदा हवा!

जुलै 1928. मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा, हा त्यांचा युक्तिवाद. 1929 मध्ये कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा, आणि तो प्रांताने केला. केंद्राचा सर्वसाधारण कायदा यायला 1961 उजाडले.

2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पण कोणासाठी? जिचे नाव हजेरीपटावर आहे तिच्यासाठी. बीडहून दरवर्षी कोयत्यावर जाणारी बाई कोणत्या हजेरीपटावर आहे? कारखाना म्हणतो, ती मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी नवरा-बायकोच्या जोडीला उचल दिली. म्हणजे तिच्या मजुरीचाही स्वतंत्र हिशेब नाही. बाळंतपणासाठी घरी बसली तर खाडा लागतो. तान्हे मूल फडाच्या कडेला पाचटावर झोपते. गावातल्या अंगणवाडीत त्याचे नाव असते, मूल मात्र शेकडो किलोमीटर दूर कोपीत असते.

'सरकारी योजना आहेत की!' असे सांगणारे भेटतात. मग 2013 चा अन्न सुरक्षा कायदा वाचा. सरकारी नोकरदार आणि इतर कायद्याने लाभ मिळणाऱ्या वगळता प्रत्येक गर्भवतीला किमान 6000 रुपये, असे त्यात लिहिले आहे. मातृवंदना योजना पहिल्या बाळाला 5000 देते आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच 6000. कायद्यातल्या हक्काला योजनेने अशी कात्री लावली! ज्या हक्काचा पैसा आणि जबाबदार माणूस कायद्यातच ठरलेला नाही, त्याचे असेच होते.

संविधानही इथे आपल्याला कामाला लावते. 6 ते 14 वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. 6 वर्षांखालच्या मुलांचे संगोपन आणि प्रसूती साहाय्य मात्र कलम 45 आणि 42 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत. त्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. तत्त्वाचा हक्क करायचा तर विधिमंडळात कायदाच करावा लागतो.

महाराष्ट्राला हे अवघड नाही. हमालाचाही एक ठरलेला मालक नव्हता. तरी 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळ आणले, नोंदणी आणली, मालकांवर लेव्ही बसवली. तोच मार्ग इथे घ्या. गाळपाच्या प्रत्येक टनावर कारखान्याकडून लेव्ही, त्यात सरकारचा वाटा. बाईची स्वतःच्या नावाने नोंद. बाळंतपणात बुडालेली मजुरी थेट तिच्या खात्यात. प्रत्येक तळावर पाळणाघर.

'असा कायदा केला तर बायकांना कामच मिळणार नाही' हा मालकांचा जुना धाक आहे. लेव्ही टनावर असेल, तर बायका वगळून कारखान्याचा एक रुपयाही वाचत नाही. धाक तिथेच संपतो.

आता प्रश्न आपल्याला. आरक्षणासाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरलेच पाहिजे. पण फडात वाढलेले पोर त्या आरक्षणापर्यंत पोहोचणार कसे? त्या पोरांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा आणि वंजारीही आहेत. येत्या 14 एप्रिलला मिरवणुकीसोबत प्रत्येक तालुक्यातून आमदाराच्या हाती या कायद्याची मागणी द्या, आणि गळीत हंगामाआधी त्याच्याकडून लेखी उत्तर घ्या.

मेहरबानी बंद होऊ शकते. हक्कासाठी जाब विचारता येतो.

जय भीम!