डुकराचे जनुक कोणाच्या मालकीचे?

ठाण्याला १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवलीला १९८३ साली महानगरपालिका मिळाली. या नगरांत डुकराचा विचार होतो तो बहुधा उपद्रव म्हणूनच. नाल्याकाठी राहून, हॉटेलांतले खरकटे गोळा करून चार माद्या पोसणारे कैकाडी वा वडार कुटुंब त्या विचारात कोठेच नसते. प्रश्न आरोग्याचा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो उत्पादनसाधनांच्या मालकीचाही आहे, आणि आधुनिक अनुवंशशास्त्राने त्याला नवी धार आणली आहे.

युरोप-अमेरिकेतील मांस-उद्योगाने कमी चरबीच्या, भरगच्च स्नायूंच्या डुकरांची पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. त्या निवडीबरोबर एक दोषही पसरला. वाहतूक, उष्मा वा झुंज यांचा ताण पडताच अशा जनावराचे स्नायू ताठतात, ताप भडकतो आणि ते मरते. वाचून कत्तलखान्यात पोचलेच तर मांस फिकट व पाणचट निघते. पूर्वी पिलांना हॅलोथेन हुंगवून ताठणारी पिले बाजूला काढीत. मात्र दोषाची एकच प्रत बाळगणारे, वरकरणी निरोगी जनावर त्या परीक्षेतून निसटत असे. १९९१ साली टोरांटोच्या संशोधकांनी दाखवून दिले की, स्नायूंतील कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल झाल्याने हे घडते. तेव्हापासून रक्ताच्या थेंबावरून दोष ओळखता येतो. पुढे एका वेतात अधिक पिले देणाऱ्या माद्यांच्याही जनुकीय खुणा सापडल्या.

नफ्याच्या घाईने जो रोग पसरवला, त्याची परीक्षाही मग परवान्याने विकली गेली. एवढ्यावर भागले नाही. मोन्सॅन्टोने २००५ साली डुकरांच्या पैदाशीच्या पद्धतींवर अनेक देशांत पेटंट मागितले. त्यांपैकी एक युरोपीय पेटंट २००८ साली मंजूरही झाले. शेतकऱ्यांनी म्युनिकमध्ये निदर्शने केली, हरकती घेतल्या आणि २०१० साली ते रद्द झाले. विज्ञान शत्रू नव्हते. शत्रू होती त्याच्यावरची मक्तेदारी.

ठाणे जिल्ह्याला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. एप्रिलच्या उन्हात टेंपोत कोंबलेले एक जनावर मेले, तर पालकाची काही महिन्यांची कमाई बुडते. वजन वाढावे म्हणून लँडरेससारखा विदेशी नर आणावा, तर त्या जातीत हा दोष आढळलेला आहे. नराची परीक्षा म्हणूनच गरिबाला अधिक हवी. उष्मा व उपासमार सोसणारे देशी जनावर तर अमोल ठेवा आहे. गोव्याने आपल्या ‘आगोंदा गोवन’ डुकराची राष्ट्रीय नोंद करून घेतली. ठाण्याच्या नाल्याकाठी काय शिल्लक आहे, याचीही शास्त्रीय पाहणी व्हावयास हवी.

सरकारी धोरणाचा कल मात्र वेगळा आहे. २०२१ साली राष्ट्रीय पशुधन अभियानाची पुनर्रचना झाली. त्यात १०० माद्या व १० नरांच्या पैदास केंद्राला ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे, परंतु निम्मा खर्च उद्योजकाने वा बँकेने उचलावयाचा. चार माद्यांच्या मालकाकडे ना जमीन, ना तारण. साहजिकच अनुदान जाते ते आधीच भांडवल असलेल्याकडे.

जन्माने पदरी आलेला धंदा कोणी जन्मभर करावा, असे समाजवादी म्हणणार नाही. शिक्षणाची व अन्य रोजगाराची वाट खुली झालीच पाहिजे. पण जो हा धंदा करतो, त्याला तो सन्मानाने करता आला पाहिजे. त्यासाठी मागण्या स्पष्ट आहेत. पालकांच्या सहकारी संस्थांना अनुदानाचा पहिला हक्क मिळावा. महापालिकांनी वस्तीबाहेर पक्के गोठे आणि खरकटे उकळण्याची सोय असलेली जागा द्यावी. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या सार्वजनिक संस्थेने पैदाशीच्या नरांची जनुकीय तपासणी विनामूल्य करावी. कार्यकर्त्यांनी महापालिकेत निवेदन देण्यापूर्वी एकदा नाल्याकाठच्या वस्तीत जाऊन बसावे. निवेदनाचा मसुदा तेथेच तयार व्हावा.