झडतीला पोलीस आले तर घर सोडू नका

डहाणू-तलासरीच्या पाड्यांत पोलिसांची गाडी शिरली की पुरुष आधी रान गाठतात. १६ एप्रिल २०२० रोजी गडचिंचल्याला जमावाने तिघांना ठार मारलं. गुन्हा भयंकर होता, धरपकड होणारच होती. शंभरावर माणसं पकडली गेली. भीतीने कित्येक पुरुष रानात जाऊन राहिले, आणि दारात पोलीस आले तेव्हा घरात बायका नि म्हातारी माणसंच होती.

भावांनो, बायांनो, पळू नका. पळणाऱ्यावर संशय बळावतो, आणि झडती होताना घराच्या बाजूने बघणारं कुणी उरत नाही.

मात्र ‘वॉरंट दाखवा’ एवढ्यावर विसंबूही नका. दखलपात्र गुन्ह्याच्या तपासात उशीर परवडणारा नसेल, किंवा अटक करायचा माणूस घरात असल्याचं सबळ कारण असेल, तर पोलिसांना वॉरंटाशिवाय आत येता येतं. दारात आडवे झालात तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा वर लागेल. पण वॉरंट नसलं की पोलिसांवरची बंधनं संपत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याने कारण आणि शोधायची वस्तू आधी लिहून ठेवायची, झडतीचं चित्रीकरण करायचं आणि ४८ तासांत ते कागद मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे. अर्ज केलात तर त्यांची नक्कल कोर्टातून फुकट मिळते.

खरी मेख पंचनाम्यात आहे. कणगी उपसली, पेटी उलटी केली, मोहाची बाटली सापडली की नाही, हे पुढे त्या कागदावरूनच ठरतं. म्हणून सोबत राहा, तो तुमचा हक्क आहे. नम्रपणे म्हणा, “साहेब, पंच इथलेच घ्या, आणि शूटिंग चालू ठेवा.” बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. लिहून झाल्यावर “कर अंगठा” म्हणतील, तेव्हा आधी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. शाळेत जाणारी पोर घरात असेल तर तिला वाचू द्या. कोऱ्या कागदावर अंगठा कधीच नाही, कितीही दरडावलं तरी. जप्तीच्या यादीची प्रत घेतल्याशिवाय त्यांना निरोप देऊ नका.

कुणाला नेलंच, तर कुठल्या ठाण्यात ते विचारा. तलासरी की कासा, हे माहीत नसल्यानेच अर्धा दिवस वाया जातो. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. आदिवासींना आणि सगळ्याच स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. डहाणू कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. तो नंबर आजच कुडावर कोळशाने लिहून ठेवा.