ग्रंथालयांची संकेतस्थळे आणि मराठीचा अभ्यासक

सार्वजनिक ग्रंथालयांच्या संकेतस्थळांची तुलना करताना बहुधा एक तक्ता मांडला जातो. सभासदत्वाचा अर्ज आहे काय, ई-पुस्तके आहेत काय, अशा प्रश्नांपुढे होकार-नकाराच्या खुणा केल्या जातात आणि ज्याच्यापुढे होकार अधिक, ते संकेतस्थळ श्रेष्ठ ठरते. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धती पुरेशी वाटण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने संकेतस्थळ म्हणजे मुख्यतः ग्रंथालयाची तालिका. आणि ‘तालिका आहे’ एवढ्या होकारातून तीत ग्रंथ सापडतो की नाही हे कळत नाही.

राजवाड्यांच्या साधनखंडांचे उदाहरण घ्यावे. १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या खंडांचे शीर्षक ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे सानुस्वार आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले. आजचा विद्यार्थी स्वाभाविकपणे ‘साधने’ असेच टंकित करतो. नोंद मूळ मुखपृष्ठाबरहुकूम असेल आणि दोन्ही रूपे एकच मानण्याची सोय यंत्रणेत नसेल, तर ग्रंथ कपाटात असूनही उत्तर शून्य येते. नोंद युनिकोडपूर्व टंकातली असल्यास प्रश्न अधिकच बिकट, कारण पडद्यावर दिसणारे अक्षर यंत्राच्या लेखी भलतेच असते. रोमन लिप्यंतराने अडचण टळते असेही नाही. अमेरिकन ग्रंथालयांत रूढ असलेल्या पद्धतीत शब्दान्ती अनुच्चारित ‘अ’ही लिहिला जातो, त्यामुळे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) उच्चारानुसार शोधणाऱ्याला हुलकावणी देऊ शकते.

न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने जानेवारी २०१६ मध्ये स्वामित्वमुक्त अशा १,८०,००० हून अधिक अंकीय प्रतिमा सर्वांना खुल्या केल्या. हे औदार्य मोठेच. परंतु ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ची एक साधी सोय अभ्यासकाला त्याहून मोलाची वाटावी. तेथे जुन्या वृत्तपत्राच्या पानाशेजारी यंत्राने वाचलेला मजकूर दिसतो आणि त्यातील चुकीची ओळ कोणताही वाचक दुरुस्त करू शकतो. आपला मजकूर सदोष असू शकतो, ही कबुलीच त्या रचनेत अंतर्भूत आहे. आपल्याकडे ती क्वचितच आढळते.

लहान गावातील वाचनालयाकडून, जेथे सेवकांच्या वेतनाचीच विवंचना असते, या सोयींची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. शिवाय हे काम संगणकतज्ज्ञाचे कमी आणि भाषेच्या जाणकाराचे अधिक आहे. शं. ग. दाते यांच्या सूचीचे दोन भाग १८०० ते १९५० या कालखंडातील ग्रंथांची नोंद देतात. म्हणजे पाया कोणी तरी पूर्वीच घालून ठेवला आहे. त्या नोंदींना लेखनभेदांची जोड देणे, ‘गोविंदाग्रज’, ‘बाळकराम’ आणि राम गणेश गडकरी ही तीन नावे परस्परांशी बांधणे, एका ग्रंथाच्या आवृत्त्या वेगळ्या ओळखू येतील अशा नोंदविणे, ही कामे मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत घेण्याजोगी आहेत. त्याच त्या कादंबरीकारांवरील प्रकल्पांपैकी काही त्यासाठी वगळावे लागले, तरी फारसे बिघडणार नाही.