शंभर टक्के कव्हरेज आणि धर्माबादची बस

मुधोळजवळच्या बासरला 2008 पासून ट्रिपल आयटी आहे. तिथून किंवा हैदराबाद-पुण्याच्या कॉलेजांतून टेस्टिंगच्या नोकरीत शिरणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: कोड कव्हरेजसाठी कुठले टूल घ्यावे? कव्हरेज म्हणजे टेस्ट चालवताना आपल्या कोडचा किती भाग खरोखर चालला, याचे माप.

उदाहरण आपल्याच बसचे घेऊ. तेलंगणात डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजनेत महिलांना पल्लेवेलुगु आणि एक्सप्रेस बसने मोफत प्रवास आहे. (महाराष्ट्राच्या एसटीत अर्धे तिकीट, तो नियम वेगळा.) समजा, तिकिटाचा कोड असा आहे: आधी पूर्ण भाडे धरा, प्रवासी महिला असेल, आणि तेलंगणाची रहिवासी असेल, आणि बस योजनेतली असेल, तर भाडे शून्य.

मुधोळच्या एका बाईंची टेस्ट लिहिली. सगळ्या ओळी चालल्या, ओळींचे कव्हरेज शंभर टक्के! पण भाडे द्यावे लागणारा प्रवासी एकदाही तपासला नाही. म्हणून टूल घेताना ते ओळींबरोबर फाटे, म्हणजे ब्रँच, मोजते का हे आधी पाहा. पायथनच्या कव्हरेज-पायमध्ये ही सोय आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. अनेकजण ती करतच नाहीत.

आता एका पुरुष प्रवाशाची टेस्ट जोडा. कव्हरेज-पाय एका ओळीतल्या अटीला दोनच फाटे धरते, त्यामुळे ते पुन्हा शंभर टक्के म्हणेल. जावास्क्रिप्टचे इस्तंबूल अटीचा प्रत्येक तुकडा एकदा तपासला गेला का एवढे पाहते, तेही खूश. जावाचे जाकोको मात्र बाइटकोड बघते. त्याच्या हिशेबाने तीन अटींचे सहा फाटे, त्यांतले चार झाले. ते त्या ओळीपुढे पिवळी खूण ठेवते. नांदेडचे आधार कार्ड असलेली मावशी आणि योजनेबाहेरची बस राहिली, हे त्या खुणेमुळे ध्यानात येते. म्हणजे दोन टूलांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

तसे टूल निवडायला फार वाव नसतोच; भाषा ठरली की टूल जवळजवळ ठरते. सी भाषेसाठी जीसीसीबरोबर जीकोव्ह येतेच. ही सगळी फुकट आहेत. जावात कोणी जुने कोबर्टुरा सुचवले, तर नव्या कामाला ते घेऊ नका. साहेबांनी 'ऐंशी टक्के हवेत' म्हटले, तर कशाचे ऐंशी, हे विचारायला लाजू नका. निकाल न तपासणारी टेस्टही टक्के वाढवते. तसली टेस्ट पकडायला म्युटेशन टेस्टिंग लागते: टूल कोडमध्ये मुद्दाम चूक घालते आणि कुठली टेस्ट ओरडते का ते बघते. जावात पिट, पायथनमध्ये म्युटमट.

आणि मुधोळहून बासरमार्गे धर्माबादला जाणारी बस? मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढचे तिकीट काढावे लागते. आपल्या कोडमध्ये हद्दीची अटच नाही. जी ओळ लिहिलीच नाही तिला जाकोको लाल रंग देऊ शकत नाही. सहाच्या सहा फाटे हिरवे असतील आणि मशीन धर्माबादपर्यंत शून्याचे तिकीट काढत राहील. ही टेस्ट योजनेचा नियम वाचणाऱ्यालाच सुचते, किंवा त्या बसने जाणाऱ्याला.